न हलणारं पाणी

धाकटीने गॅसच्या छोट्या बर्नरची ज्योत पेटवली, निळी होईपर्यंत बारीक केली आणि ट्रेमधल्या पाण्यावरून एकदाच, हात न थांबवता फिरवली. वर अडकलेले बारीक बुडबुडे एकामागून एक फुटले. कोपऱ्यात एक हट्टी बुडबुडा राहिला, त्याला तिने सुईच्या टोकाने वर आणलं आणि पुन्हा ज्योत दाखवली. मग ती श्वास रोखून वाकली आणि दिव्याच्या तिरप्या उजेडात पाण्याची पाठ न्याहाळत राहिली.

पाणी म्हणजे अर्थातच पाणी नव्हे. रेझिन आणि त्याला घट्ट करणारा दुसरा द्रव, म्हणजे हार्डनर, दोन्ही तोलूनमापून घ्यायचे, आजारी माणसाला कुशीवर वळवावं तितक्या हळूहळू ढवळायचे आणि लाकडी ट्रेमध्ये नखाच्या जाडीचा एक थर ओतायचा. तो दिवसभरात काचेसारखा बसला की त्यावर केसाएवढ्या कुंचल्याने रंगवायचं. एका थरात बेडूकमाशाचं पोट, पुढच्यात पाठ, त्यापुढच्यात शेपटीची कड. त्याची सावली तर कितीतरी थर आधीच तळाशी काढून ठेवलेली. असे थरावर थर चढले की ट्रेमध्ये ओढ्याचा एक तुकडा तयार होई. खाली गोटे, कुजत आलेलं पान, शेवाळाचे धागे आणि वर तरंगणारी पिल्लं. बघणारा हमखास बोट बुडवायला जाई आणि बोट टणकन आपटलं की ओशाळून हसे. त्या एका हसण्यासाठी धाकटी महिना महिना पाठ मोडून बसे.

तिने ट्रेवर प्लास्टिकचा छोटा मांडव चढवला आणि मास्कच्या आतूनच म्हणाली, "ताई, झालं गं."

दाराबाहेरून दबका आवाज आला.

"पंखा लावू?"

"संध्याकाळपर्यंत नको."

"नाही, आपलं विचारलं."

घरात दोघीच. थोरली ती ताई, आणि ही धाकटी. गल्लीत ताईला सगळे बाई म्हणत, कारण गल्लीतल्या निम्म्या लोकांना तिने शाळेत पळवलं होतं. आणि ही बाईंची धाकटी, पन्नाशी जवळ आली तरी धाकटीच. आई गेली तेव्हा तिला वेणीही घालता येत नव्हती. ताईने तिला न्हाऊमाखू घातलं, वाढवलं, चित्रकलेच्या शाळेत घातलं, आणि या धबडग्यात ताईचं स्वतःचं लग्न राहून गेलं. राहून गेलं, असंच ताई म्हणे, बस चुकल्यासारखं.

ताई शाळेत खेळ शिकवायची. गळ्यातली शिट्टी नुसती शोभेला. मैदानाच्या एका टोकाला उभी राहून तिने हाक मारली की दुसऱ्या टोकाची पोरं जागच्या जागी थिजत. ती निवृत्त झाली आणि धाकटीचं रेझिन घरात आलं, दोन्ही साधारण एकाच सुमारास. तेव्हापासून ताई घरात चवड्यांवर चालते आणि कुजबुजते. आवाजाने रेझिनचं काही बिघडत नाही, हे धाकटीने तिला दहादा सांगितलं होतं. पण सगळं घर श्वास धरून बसलेलं असताना मोठ्यांदा बोलणं ताईला जमत नसे.

आणि घर खरंच श्वास धरून बसे. ओतायच्या दिवशी सकाळीच लाद्या ओल्या फडक्याने पुसून लख्ख कोरड्या करायच्या, कारण उडालेला एक कण थरात पडला की तो कायमचा. खिडक्या बंद, फटींवर चिकटपट्टी. पुढच्या खोलीतली तेवढी एक जोडखिडकी पट्टीशिवाय, तिला आतून नमद्याची किनार लावलेली. पडदे धूळ धरतात म्हणून केव्हाच गेले. गालिचा गेला. ताईची आवडती लोकरी शाल धागे सोडते म्हणून ट्रंकेत गेली. पंखा बंद, केसांवर रुमाल, तळण बंद. आठवड्यातले निम्म्याहून अधिक दिवस ओतायचेच असत, त्यामुळे एरवीच्या दिवशी पट्ट्या काढायच्या आणि पुन्हा लावायच्या याचा दोघींनाही कंटाळा येऊन त्या तशाच राहिल्या होत्या. वास फारसा येत नाही, असं धाकटी सगळ्यांना सांगे. ती स्वतः आत मास्क लावून असे.

दुसऱ्या दिवशी तिने मांडव उचलला आणि तिचं तोंड कडू झालं. थर सुरेख बसला होता, काठापासून काठापर्यंत सपाट, आणि त्याच्या बरोबर मध्यावर एक म्हातारी होती. समोरच्या झाडाला या दिवसांत कापूस सुटे आणि त्या पांढऱ्या, पिसासारख्या म्हाताऱ्या गल्लीभर तरंगत. त्यातली एक बंद घरातून, बंद दारातून, मांडवाखालून येऊन पाण्यात बसली होती. तिचा एकूण एक केस दिसत होता.

ही पहिली नव्हती. या मोसमातली चौथी. पहिली तिने खरवडून काढली, तर तिथे डाग राहिला. दुसरीच्या भोवती तिने शेवाळ रंगवलं. तिसरी तिने पान काढून झाकली. पण एका ओढ्यात किती पानं पडणार? आणि हा ट्रे साधासुधा नव्हता. तो नमुना होता, दातांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचा.

"ताई, कुठली तरी खिडकी उघडली होती का गं काल?"

ताई स्वयंपाकघरात पाठमोरी भांडी पुसत होती. ती थांबली.

"खिडकी? नाही बाई. दारातून आली असेल. मी दूधवाल्याला दार उघडलं होतं."

"दारातून एवढी आतपर्यंत?"

"हलकी असते गं. कुठेही जाते."

ते पटण्यासारखं होतं. पण धाकटी ही हातची गोष्ट सोडणाऱ्यातली नव्हती. तिने चिकटपट्टीचं नवं रीळ आणलं, स्टुलावर चढली आणि ती उरलेली जोडखिडकीही वरपासून खालपर्यंत पट्टीने बंद करून टाकली, वर आणखी एक आडवी. ताई खाली उभी राहून तिला पट्टी कापून देत होती. एक तुकडा दिला, दुसरा दिला, आणि मध्येच तिचा हात थांबला तेव्हा धाकटीला वाटलं कात्री बोथट झाली.

त्याच आठवड्यात ताईला चक्कर आली. दुपारी ओट्याशी उभी होती, ती भिंतीला धरून खाली बसली. चेहरा लालबुंद, कपाळावर घाम. डॉक्टरांनी तपासलं, रक्तदाब पाहिला, काही विशेष नाही म्हणाले. वय झालं, जपा, एकटं ठेवू नका. हे शेवटचं वाक्य त्यांनी जाता जाता म्हटलं असेल, सगळ्याच म्हाताऱ्या पेशंटांना म्हणतात तसं. धाकटीच्या मनात ते रुतून बसलं.

कारण तिच्या मनात तेव्हा दुसरंच काही चाललं होतं, आणि त्याबद्दल ती ताईशी बोलायचं टाळत होती.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक जुना फोटोस्टुडिओ होता. धाकटी आपल्या कामाचे फोटो तिथे काढून घेई. फोटोवाला आता दुकान आवरून मुलीकडे राहायला निघाला होता. जागा भाड्याने द्यायची होती, आणि कुणाला द्यायची याबद्दल त्याचे काही आग्रह होते. पहिल्यांदा त्याने धाकटीला विचारलं. तिला आत नेऊन दाखवलं. बाहेर लांबरुंद खोली, जिथे एके काळी कुटुंबंच्या कुटुंबं रांगेत उभी राहत. आणि त्यामागे अंधारखोली. खिडकी नाही. फट नाही. भिंती गुळगुळीत, कोपरे गोल केलेले, वर हवा बाहेर फेकणारा जुना पण धडधाकट पंखा. फोटोवाल्याने आयुष्यभर इथे धुळीशीच भांडण केलं होतं, निगेटिव्हवर कण बसू नये म्हणून.

धाकटी त्या खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि तिला रडू आलं. खरंच आलं, तिने ते शिंकेवर ढकललं. घरातल्या मागच्या खोलीत हातभर ट्रेच्या पुढे तिची मजल जात नव्हती. इथे पुरुषभर लांबीचा ओढा झाला असता. डॉक्टरीणबाईंना तेच हवं होतं, दवाखान्यात बाहेर ताटकळणाऱ्या लोकांसमोर ठेवायला एक लांब, बुटकं मेज, ज्यात बघताना माणूस आपली दाढ विसरेल. ते जमलं तर दुसऱ्या दवाखान्यासाठी आणखी एक. बाहेरच्या खोलीत दोघीतिघींना शिकवता आलं असतं. एका वेळी चार ट्रे वेगवेगळ्या थरांत ठेवता आले असते. परतीच्या बसमध्ये तिने मनातल्या मनात त्या ओढ्याला एक वळण दिलं, आणि वळणावर कुठला दगड येईल तेही ठरवलं. इतकी हुरळलेली ती स्वतःलाच कितीतरी दिवसांत दिसली नव्हती.

फोटोवाल्याने शनिवारपर्यंत मुदत दिली. मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण दारात बसूनच आहे म्हणाला.

शेवटी एका संध्याकाळी जेवताना तिने ताईला सांगितलं. सगळं सांगितलं, गोल कोपऱ्यांसकट. ताई ऐकत होती. मध्ये तिने घास हातातच धरला आणि तो तोंडात घालायचं विसरली.

"किती छान," ताई म्हणाली. "घेऊन टाक."

"तू दिवसभर एकटी राहशील. कधी कधी रात्रीसुद्धा. थर ओतला की सोडून येता येत नाही मला."

"राहीन की. मला काय धाड भरलीय?"

"परवाच चक्कर आली होती तुला."

"आली नि गेली. तू जा."

हे म्हणताना ताईने मान खाली घातली होती आणि ती ताटाच्या कडेवरून बोट फिरवत होती.

आता इथे ताईच्या भाषेबद्दल सांगायला हवं. ताई 'मला भूक नाही' म्हणाली की त्या दिवशी घरात दोघींना पुरेल एवढं नसे. ती 'मला थंडी वाजत नाही' म्हणाली की पांघरूण एकच असे. धाकटीच्या सहलीसाठी पैसे भरले त्या वर्षी 'मला चपलांचा कंटाळाच येतो' असं म्हणून ताईने शिवलेल्या चपलांवर मोसम काढला. लहानपणी धाकटीला हे सगळं खरंच वाटे. मोठेपणी कळलं तेव्हा तिला इतकं लाजल्यासारखं झालं की तिने मनाशी एक शब्दकोशच तयार केला. त्यात ताईच्या प्रत्येक शब्दापुढे उलटा अर्थ लिहिलेला होता. नको म्हणजे हवं. बरी आहे म्हणजे दुखतंय. आणि खाली मान घालून म्हटलेलं 'जा' म्हणजे काय, हे बघायला शब्दकोश उघडायचीही गरज नव्हती.

त्यानंतर ताईने दोनदा विषय काढला. एकदा म्हणाली, त्या बाजूला हवा चांगली आहे असं ऐकलंय. एकदा म्हणाली, सामान हलवायला माझ्या शाळेतली जुनी मुलं येतील, मी हाक मारली की येतात. प्रत्येक वेळी धाकटीला वाटलं, बघा, स्वतःला कशी समजावतेय बिचारी.

शनिवारी जेवणं झाल्यावर ती निघाली. आदल्या दिवशीच थर ओतला होता, म्हणजे आज घाई नव्हती.

"फोटोवाल्याला काय ते सांगून टाकते," ती म्हणाली. "मग तसंच नदीपलीकडे जाऊन हार्डनर घेऊन येते. संध्याकाळ होईल."

"सांगून टाक," ताई म्हणाली. ती दारापर्यंत आली. धाकटीच्या खांद्यावरचा नसलेला धागा तिने झटकला. "सावकाश ये. घाई करू नकोस."

फोटोवाला जुन्या पेट्या बांधत होता. धाकटीने उभ्याउभ्याच सांगितलं, की काका, नाही जमणार, घरी ताई एकटी पडेल. तिने ते रस्ताभर घोकलं होतं म्हणून सरळ बाहेर आलं. फोटोवाल्याने हातातली दोरी खाली ठेवली. वाईट वाटलं म्हणाला, पण तुमचंही बरोबर आहे, माणसापुढे जागा काय. मग त्याने तिच्यासमोरच कव्हरवाल्याला फोन लावला. ती अंधारखोलीत पुन्हा डोकावली नाही. बाहेर पडल्यावर तिला थोडं हलकंही वाटलं, एखादं चांगलं काम केल्यावर वाटतं तसं. ताईने तिच्यासाठी उभा जन्म घातला. तिने एक खोली सोडली. एवढं तर करायलाच हवं होतं.

नदीपलीकडचं हार्डनरचं दुकान बंद होतं. मालकाकडे काही कार्य होतं, दाराला चिठ्ठी चिकटवलेली. त्यामुळे ती ठरल्यापेक्षा खूपच आधी, टळटळीत दुपारी आपल्या गल्लीच्या तोंडाशी उतरली.

पहिल्यांदा तिला वाटलं आपण गल्ली चुकलो. कुठल्यातरी घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. कठड्यावर उशा उन्हात टाकल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी एक लोकरी शाल. शालीवरून तिने घर ओळखलं. चिकटपट्टीच्या लांब पट्ट्या एका बाजूने सुटून वाऱ्यावर फडफडत होत्या. काढताना अर्ध्यावर जपून सोडलेल्या, पुन्हा दाबून बसवता येतील अशा. आत पंखा गरगरत होता, इथूनही दिसत होता. झाडाच्या म्हाताऱ्या रमतगमत तरंगत येत होत्या आणि एकामागून एक खिडकीतून आत जात होत्या. म्हणजे त्या दारातून आल्या नव्हत्या.

खिडकीत ताई होती. कमरेपर्यंत बाहेर वाकलेली, रुमाल काढलेला, पांढरे केस मोकळे. ती समोरच्या माडीवरच्या शिवणवालीशी बोलत होती, आणि तिचा आवाज सबंध गल्लीला ऐकू येत होता. तो आवाज एवढा मोठा आहे हे धाकटी विसरूनच गेली होती. ती पटकन पावाच्या दुकानाच्या छपराखाली सरकली.

"संध्याकाळपर्यंत नाही यायची ती," ताई सांगत होती. "आज जागेचं पक्कं करून येतेय."

"मग बाई, तुम्हाला करमेल का एकटीला?" शिवणवालीने मशीन थांबवून विचारलं.

"मला?" ताई हसली. पोट धरून, खिडकीच्या चौकटीवर हात आपटून हसली. "पंखा मोठा करीन आणि त्याच्याखाली हातपाय पसरून झोपेन. वाटेल तेव्हा तळण काढीन. आणि कुणी माझ्या घरात कुजबुजलं तर त्याला बाहेर काढीन."

शिवणवालीही हसली. मग म्हणाली, की एवढं होतं तर कधीच सांगायचं होतं तिला.

ताईने आवाज खाली आणला. पण मैदानावर कमावलेला आवाज खाली आणला तरी तो पावाच्या दुकानापर्यंत आला.

"कसं सांगणार? मला गुदमरतं म्हटलं असतं तर त्याच दिवशी बंद केलं असतं तिने सगळं. माझ्यासाठी म्हणून. तिचा स्वभाव मला माहीत आहे, मीच केलाय तो. असा हात कुणाला असतो गं? मी तो बंद पाडू? त्यापेक्षा म्हटलं, चार दिवस श्वास कमी घेऊ."

 मशीन पुन्हा सुरू झालं. ताईने शाल उलटी केली, तिला दोन धपाटे घातले आणि उन्हात नीट पसरली.

धाकटी छपराखाली उभी होती. पाववाल्याने काय हवं म्हणून विचारलं, तिने मान हलवली. गेल्या किती वर्षांत ताईने खरं सांगितलं होतं? भूक नाही, थंडी नाही. आणि आत्ता, या एकदाच, ती साधं सरळ बोलली होती. जा म्हणाली तेव्हा जा एवढंच तिला म्हणायचं होतं. धाकटीने शब्दकोशात बघितलं नाही, असं तिला वाटलं होतं. खरं तर तिने तेवढंच केलं होतं.

ती मागच्या रस्त्याला गेली आणि तिथून फोटोवाल्याला फोन लावला. त्याने फार अवघडून सांगितलं, की कव्हरवाला किल्ली घेऊन गेला, कुलूप बदलायला माणूसही आणलाय. आता शब्द फिरवता येत नाही. धाकटी म्हणाली, नाही नाही काका, असंच विचारलं.

मग ती घरी गेली नाही. वर जाता आलं असतं. दार उघडून, ताई, राहू दे खिडक्या उघड्या, असं म्हणता आलं असतं. तिने ते मनात म्हणूनही पाहिलं. त्यावर ताईचा चेहरा कसा होईल ते तिला दिसलं: पकडल्यासारखा. ताई पाठोपाठ विचारील, जागेचं काय झालं. आणि 'नको म्हटलं, तुझ्यासाठी' हे ऐकल्यावर ती पुन्हा कधी खिडकीला हात लावणार नाही, धाकटीने घरात साधा रंगही कालवला नाही तरी लावणार नाही. त्यामुळे धाकटी चालत राहिली. बागेला एक फेरी मारली, दुसरी मारली. दुकानांच्या काचांमध्ये बघत उभी राहिली. शिकवण्या सुटताना रस्त्यावर गर्दी झाली तेव्हा बाकावर बसली आणि पाय वर घेतले. संध्याकाळ होईल असं तिने सांगितलं होतं, आणि संध्याकाळ होईपर्यंत तिने ताईला एक मिनिटही कमी पडू दिलं नाही.

परत आली तेव्हा जिन्यावर मुद्दाम पाय आपटले. खाली पायरीवर पिशवी टेकवली, पुन्हा उचलली, किल्ल्या वाजवल्या.

दार ताईनेच उघडलं. डोक्याला रुमाल. घर बंद, लाद्या पुसून कोरड्या, पट्ट्या जागच्या जागी दाबून बसवलेल्या. पंख्याची पाती थांबलेली होती. फक्त ताईचे गाल उन्हाने लाल झाले होते.

"झाली का पक्की?" ताईने कुजबुजत विचारलं.

धाकटीने चपला काढल्या, त्या नीट जोडीने ठेवल्या. तेवढ्यात तिला काय ते ठरवता आलं.

"झाली," ती म्हणाली.

ताईचा चेहरा उजळला. तो तिने लगेच आवरला, पण उशीर झाला होता, धाकटीने पाहिला होता. पाण्याबाहेर डोकं काढल्यावर माणूस जसा पहिला श्वास घेतो, तसा होता तो.

"मग मला अगदी चुकल्यासारखं होईल हं," ताई म्हणाली. "कधीपासून जाणार?"

"सोमवारपासून."

"सोमवार. बरं झालं. चांगला दिवस आहे." तिने धाकटीच्या हातातली रिकामी पिशवी घेतली. "हार्डनर?"

"दुकान बंद होतं. तिकडेच मागवेन आता."

"तेच बरं. इथे कशाला हवं?"

रविवारी ताईने तिचं सामान बांधून दिलं. कुंचले फडक्यात गुंडाळले, मास्क धुऊन वाळवला, वजनकाटा जुन्या टॉवेलात ठेवला. म्हातारी बसलेला तो ट्रे तिने स्वतः कागदात बांधला आणि वर दोरीने गाठ मारली. काम करताना ती गुणगुणत होती. मध्येच भानावर येऊन थांबे आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होई. मोठे ट्रे नंतर न्यायचे ठरले. आपली जुनी मुलं कधी बोलावू असं तिने विचारलं तेव्हा धाकटी म्हणाली, आधी तिथलं आवरू दे.

सोमवारी सकाळी ताईने डबा भरून दिला.

"जागा छान पूस आधी. नवीन जागा म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यात धूळ असते."

"हो."

"आणि जेवायला उठ. बसलीस की तुला भान राहत नाही."

"उठेन."

"किल्ली घेतलीस?"

धाकटीने पिशवीवरून हात फिरवला.

"घेतली."

ती जिना उतरून रस्त्यावर आली. दहाबारा पावलं गेली असेल नसेल, वरून चर्र आवाज झाला. पट्टी ओढून काढल्याचा. या वेळी ती अर्ध्यावर जपून सोडलेली नव्हती, शेवटपर्यंत ओढली होती. मग दुसरी. मग खिडकीची दारं भिंतीवर आपटल्याचा आवाज आला आणि ताईने शिवणवालीला हाक मारली, अशी की पावाच्या दुकानातल्या दोघा गिऱ्हाइकांनी दचकून वर पाहिलं. धाकटीने पाहिलं नाही. तिने मागे वळून बघितलं असतं तर ताईने खिडक्या पुन्हा लावून घेतल्या असत्या.

ती तशीच ताठ, कामावर निघालेल्या माणसासारखी चालत राहिली. कोपरा वळली, घर दिसेनासं झालं, आणि मग ट्रे भिंतीला टेकवून, आता कुठे जायचं याचा विचार करायला ती थांबली.